चेहरा हिरवा असला तर बिघडलं कुठे? मुलांसोबत ठसठशीत रंगांचं व्यक्तिचित्र



चित्रकलेच्या तासाला "आज चेहरा रंगवूया" असं म्हटलं की वर्गात दोन गोष्टी हमखास घडतात. निम्मी मुलं लगेच म्हणतात, "बाई, मला माणूस काढता येत नाही." उरलेली निम्मी खडूच्या डबीत एक ठरावीक फिकट गुलाबी खडू शोधायला लागतात. त्याला ती 'स्किन कलर' म्हणतात. तो सापडेपर्यंत काम सुरू होत नाही, आणि ज्याच्या डबीत तो तुटलाय किंवा हरवलाय ते मूल शेजाऱ्याकडे मागत बसतं.

या दोन्ही गोष्टींचं मूळ एकच आहे. चेहरा 'जसा दिसतो तसाच' आला पाहिजे आणि त्याला एकच बरोबर रंग असतो, असं मुलांच्या मनात पक्कं बसलेलं असतं. आज आपण असा एक पाठ बघणार आहोत जो ही समजूत मोडतो. भडक, ठसठशीत रंग वापरायचे, ब्रशचे फटकारे लपवायचे नाहीत, आणि तरीही तो चेहरा, चेहराच वाटला पाहिजे! चौथी ते सातवीच्या मुलांना हे छान जमतं. पण त्यामागचं तत्त्व आधी आपल्याला कळायला हवं, नाहीतर नुसता रंगांचा गोंधळ होतो आणि मुलं हिरमुसतात.

असं व्यक्तिचित्र म्हणजे नेमकं काय?

आपल्या बहुतेकांच्या घरी व्यक्तिचित्राची जी कल्पना आहे ती राजा रविवर्म्याच्या चित्रांवरून आलेली आहे. रविवर्म्याने 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथून छापलेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी घराघरांत लागल्या. त्या चित्रांत चेहरा गुळगुळीत असतो. एक छटा दुसरीत कुठे मिसळली ते कळत नाही, ब्रशचा मागमूस दिसत नाही. ही फार मोठी कारागिरी आहे आणि तिचा मान आहेच.

पण चेहरा रंगवण्याची ही एकच रीत नाही. दुसऱ्या रीतीत चित्रकार आधी विचारतो, या माणसाकडे बघून मला काय वाटतं? तो शांत आहे, रागीट आहे, दमलेला आहे की आतून हसतोय? मग ते वाटणं रंगांच्या जोरातून आणि ब्रशच्या चालीतून कागदावर येतं. इथे गाल केशरी असू शकतो, नाकाची सावली निळी असू शकते, आणि प्रत्येक फटकारा जसा मारला तसा दिसतो. माणूस 'कोण आहे' यापेक्षा 'कसा आहे' हे सांगण्यावर भर असतो.

हे आलं कुठून?

1839 या वर्षी पॅरिसमध्ये छायाचित्रणाची रीत जाहीर झाली. पुढच्या काही दशकांत हुबेहूब चेहरा टिपण्याचं काम कॅमेरा करू लागला. मग चित्रकारांसमोर प्रश्न आला, की जे कॅमेरा करू शकत नाही ते आपण काय करू शकतो? आज आपल्या मुलांच्या आजूबाजूला घरोघरी मोबाईल आहेत, म्हणजे हा प्रश्न त्यांच्यासाठीही तितकाच ताजा आहे.

व्हिन्सेंट व्हॅन गॉग या डच चित्रकाराचं नाव तुम्ही ऐकलं असेल. तो जन्मला 1853 मध्ये, गेला 1890 मध्ये, आणि चित्रकार व्हायचं त्याने ठरवलं तेव्हा तो साधारण सत्तावीस वर्षांचा होता. समोर बसायला माणूस ठेवायचा तर पैसे द्यावे लागत, आणि ते त्याच्याकडे नसत. म्हणून तो आरशात बघून स्वतःलाच रंगवायचा. अशी त्याची पस्तीसच्या आसपास स्वचित्रं आहेत. 1889 मध्ये आजारपणाच्या काळात केलेलं एक स्वचित्र पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे. त्यात कोट फिकट निळसर, मागची भिंतही निळसर, आणि त्या सगळ्या निळ्यात त्याची केशरी दाढी पेटल्यासारखी दिसते. भिंतीवर कसलंही चित्र नाही, नुसते वळणावळणाचे फटकारे आहेत. पण ते बघताना त्या माणसाच्या डोक्यात काय चाललं असेल याचा अंदाज येतो.

दुसरा चित्रकार हेन्री मातीस. 1905 मध्ये पॅरिसच्या एका प्रदर्शनात त्याने आपल्या बायकोचं 'टोपीवाली स्त्री' हे चित्र लावलं. चेहऱ्यावर हिरवे, जांभळे, पिवळे डाग! लोक हसले, चिडले. लुई वॉक्सेल नावाच्या समीक्षकाने मातीस आणि त्याच्या सोबत्यांना 'फोव्ह' म्हणजे जंगली श्वापदं म्हटलं. तेच नाव पुढे त्या सगळ्या शैलीला चिकटलं आणि 'फोविझम' झालं. त्याच वर्षी मातीसने बायकोचं आणखी एक चित्र केलं, 'हिरवी पट्टी'. ते कोपनहेगनच्या संग्रहालयात आहे. आकाराने जेमतेम आपल्या ए-थ्री कागदाएवढं. कपाळापासून नाकावरून खाली एक हिरवी पट्टी आहे, तिच्या एका बाजूचा गाल पिवळट आणि दुसऱ्या बाजूचा गुलाबी. मुलांना हे चित्र मोबाईलवर किंवा टीव्हीवर नक्की दाखवा. आधी हसतील. हसू द्या. मग विचारा, "ही बाई कशी वाटते? खेळकर की गंभीर?" सगळी एका सुरात सांगतात, "गंभीर." म्हणजे हिरव्या पट्टीने चेहरा बिघडला नाही, उलट काहीतरी नेमकं सांगितलं.

आणि हे फक्त परदेशातलं नाही हं. गोव्यातल्या साळगावला 1924 मध्ये जन्मलेले फ्रान्सिस न्यूटन सूझा मुंबईत शिकले, आणि 1947 मध्ये रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे यांच्यासोबत त्यांनी मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. सूझांचे चेहरे जाड काळ्या रेघांचे, ताठ, कधीकधी भीती वाटावी असे. 1960 च्या दशकात तर त्यांनी काही चित्रं पूर्णपणे काळ्या रंगात केली. काळ्यावर काळा! मग चेहरा दिसणार कसा? तर जाड रंगाचे जे उंचवटे ब्रशने उमटतात, त्यांच्यावर उजेड पडला की डोळे-नाक दिसू लागतं. फटकारा म्हणजे काय ताकद आहे, हे समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

गुपित: रंग कोणताही, उजेड-सावली खरी

आता मुख्य मुद्दा. मातीसच्या बायकोच्या चेहऱ्यावर हिरवी पट्टी असूनही तो चेहरा का वाटतो? कारण ती पट्टी कुठेही मारलेली नाही. चेहऱ्याची उजेडातली बाजू आणि सावलीतली बाजू जिथे भेटतात, तिथे ती आहे. तिने सावलीचं काम केलंय, फक्त रंग हिरवा निवडलाय.

आपले डोळे चेहरा ओळखतात ते मुख्यतः उजेड आणि सावलीवरून. जुने कृष्णधवल फोटो आठवा. आजी-आजोबांच्या लग्नाच्या फोटोत एकही रंग नाही, तरी आपण सगळ्यांना ओळखतो. म्हणजे ओळख रंगात नाही, गडद-फिक्यात आहे. हे एकदा कळलं की मूल मोकळं होतं. रंग हवा तो घे, पण उजेडाच्या जागी उजळ रंग आणि सावलीच्या जागी गडद रंग, एवढं सांभाळ.

प्रत्येक रंगाला स्वतःचा एक उजळपणा असतो. डबीतल्या शुद्ध रंगांत पिवळा सगळ्यात उजळ, जांभळा सगळ्यात गडद. केशरी पिवळ्याच्या जवळ, लाल आणि हिरवा मधे, निळा जांभळ्याकडे झुकलेला. पांढरा मिसळला की कोणताही रंग उजळतो, हेही मुलांना माहीत असतं. म्हणून कपाळावर पिवळा, गालावर केशरी-लाल आणि हनुवटीखाली निळा-जांभळा लावला तर चेहरा अगदी बरोबर उठतो. उलट केलं, म्हणजे कपाळावर जांभळा आणि हनुवटीखाली पिवळा, तर तो मुखवटा वाटायला लागतो किंवा खालून बॅटरी मारल्यासारखा दिसतो. दोन्ही करून दाखवा, मुलांना फरक लगेच कळतो.

याची तपासणीही सोपी आहे. मुलाच्या रंगीत चित्राचा मोबाईलवर फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. चेहरा तरीही उठून दिसला तर चित्र जमलं. सगळं एकसारखं राखाडी झालं, तर उजेड-सावली हरवली. माझ्या वर्गातल्या मुलांना ही तपासणी इतकी आवडते की चित्र अर्धं झालं की रांग लावतात.

शेजारच्या रंगाची करामत

आणखी एक गोष्ट. मिशेल शेव्रल नावाचा फ्रेंच रसायनतज्ज्ञ पॅरिसच्या गोबेलिन्स या विणकामाच्या कारखान्यात रंगविभाग सांभाळायचा. तिथे तक्रार आली की काळा धागा फिका दिसतो. त्याने तपासलं तर रंग उत्तम होता. दोष होता शेजारच्या धाग्यांचा! एक रंग दुसऱ्याशेजारी ठेवला की दोन्ही बदलल्यासारखे दिसतात, हे त्याने 1839 च्या आपल्या पुस्तकात सविस्तर मांडलं. रंगचक्रात समोरासमोर येणारे रंग, म्हणजे लाल-हिरवा, निळा-केशरी, पिवळा-जांभळा, शेजारी आले की एकमेकांना जास्त झळाळी देतात. व्हॅन गॉगची केशरी दाढी निळ्या भिंतीपुढे का पेटते ते आता कळलं ना?

वर्गात हे पाच मिनिटांत दाखवता येतं. केशरी घोटीव कागदाचे दोन सारखे चौकोन कापा. एक निळ्या कागदावर चिकटवा, एक लाल कागदावर. फळ्यावर लावा आणि विचारा, "कोणता केशरी जास्त भडक?" मुलं निळ्यावरचा दाखवतात. मग सांगा की दोन्ही एकाच कागदातून कापलेत. पटत नाही त्यांना, पुढे येऊन बघतात. बघू द्या.

'स्किन कलर'चा प्रश्न

आता जरा अवघड विषयाकडे येते. हा पाठ मी आवर्जून घेते त्याचं खरं कारण इथे आहे.

तिसरीतल्या एका मुलीने स्वतःचं चित्र काढलं होतं. मुलगी चांगली सावळी, चित्रातली मुलगी गुलाबी. शेजारचा मुलगा म्हणाला, "ही तू नाहीस." तर ती अगदी सहज म्हणाली, "चित्रात तरी चांगलं दिसायला नको का?" आठ वर्षांचं लेकरू! 'चांगलं' म्हणजे 'गोरं', हे तिला कुणी धडा म्हणून शिकवलेलं नाही. जाहिरातींनी, लग्नाच्या बोलण्यांनी, पाहुण्यांच्या "काळवंडली गं" अशा शेऱ्यांनी आणि हो, डबीतल्या त्या एका खडूच्या नावानेही शिकवलं. एका फिकट गुलाबी खडूचं नाव 'त्वचा' असेल, तर ज्याची त्वचा तशी नाही त्याने काय समजायचं? अमेरिकेतल्या क्रेयोला कंपनीने आपल्या अशाच एका खडूचं 'फ्लेश' हे नाव 1962 मध्ये बदलून 'पीच' केलं. आपण आपल्या वर्गापुरतं तेवढं तर करू शकतो. आमच्या वर्गात त्या खडूचं नाव आता 'फिका गुलाबी' आहे, बस.

गंमत बघा, आपल्या परंपरेत या बाबतीत केवढा मोकळेपणा आहे! पंढरीचा विठोबा काळा, आणि त्याचं काळेपण किती लाडाने गायलं जातं. कृष्ण निळा, आणि तो निळा चेहरा बघून कुणी म्हणत नाही की रंग चुकला. केरळच्या कथकलीत नायकाचा चेहरा हिरवा रंगवतात, कारण हिरवा म्हणजे सात्त्विक, थोर वृत्तीचा माणूस. म्हणजे चेहऱ्याचा रंग हा अर्थ सांगायला वापरायचा असतो, हे आपल्याला आधीपासून ठाऊक आहे. फक्त मुलांना आठवण करून द्यायची.

व्यक्तिचित्राच्या आधी मी एक छोटा उपक्रम घेते. लाल, पिवळा, निळा आणि थोडा पांढरा एवढ्यातून प्रत्येकाने आपल्या मनगटाचा रंग तयार करायचा. लाल आणि पिवळा मिळून केशरी, त्यात थेंबभर निळा की तपकिरी होतो. मग हळूहळू कमी-जास्त करत जायचं. आधी मी माझा करते, सगळ्यांसमोर. मग मुलं करतात. तयार रंगाला खाण्याच्या किंवा मातीच्या गोष्टींवरून नाव द्यायचं. गूळ, खजूर, चिंच, बदाम, दुधाचा चहा, बिनदुधाचा चहा, पहिल्या पावसानंतरची माती. एक दक्षता मात्र घ्या. दोन मुलांचे हात शेजारी ठेवून तुलना अजिबात करायची नाही. प्रत्येकाने स्वतःच्याच हाताची वरची बाजू आणि तळवा यांची तुलना करायची. तेवढ्यातही कळतं की एका माणसाच्या अंगावरसुद्धा एकच रंग नसतो.

त्या मुलीने पुढे ठसठशीत रंगांचं जे स्वचित्र केलं त्यात कपाळ केशरी होतं, एक गाल तांबडा, दुसरा गडद जांभळा, आणि केसांत निळे फटकारे. मागे पिवळा. तिचा जांभळा इतका दाट आणि सुंदर लागला होता की बाकीची मुलं विचारायला आली, "कसा केलास?" गुलाबी रंगाने तिला कधी दिलं नसतं असं काहीतरी तिला त्या दिवशी मिळालं, एवढं मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

वर्गात कसं घ्यायचं?

दोन जोडतास लागतात. साधारण सत्तर-सत्तर मिनिटं.

साहित्य: पोस्टर कलर (लाल, पिवळा, निळा, पांढरा, शक्य असेल तर केशरी, हिरवा, जांभळाही), जाड कागद किंवा कार्डशीट, आठ ते बारा नंबरचे चपटे ब्रश, पिवळा तेलखडू, जुनी ताटली, पाण्याचा डबा, चिंधी, वर्तमानपत्रं. ब्रश सगळ्यांना पुरत नसतील तर वहीच्या जुन्या पुठ्ठ्याच्या बोटभर रुंद पट्ट्या कापा. पट्टीने रंग ओढला की फटकारा आणखी ठळक येतो. रंग फार जाड लावला तर वाळल्यावर तडकतो, म्हणून त्यात थोडा फेविकॉल मिसळा. काळी बाटली मात्र सुरुवातीला कपाटातच राहू द्या.

पहिली पायरी, कागद रंगवून घ्या. आदल्या दिवशी पूर्ण कागदावर कोणत्याही एका रंगाचा पातळ हात मारून वाळवा. पांढऱ्या कागदाची भीती जाते आणि फटकाऱ्यांमधून खालचा रंग डोकावतो, तोही छान दिसतो.

दुसरी पायरी, बघणं. मुलांना जोड्यांनी बसवा, वर्गातले दिवे बंद करा आणि खिडकीचा उजेड एका बाजूने चेहऱ्यावर येऊ द्या. आता डोळे किलकिले करून समोरच्याकडे बघायचं. बारीकसारीक गोष्टी पुसट होतात आणि फक्त उजेडाचे आणि सावलीचे मोठे तुकडे उरतात. सावली कुठे कुठे आहे? डोळ्यांच्या खोबणीत, नाकाच्या एका बाजूला, खालच्या ओठाखाली, हनुवटीखाली. बोटाने हवेत दाखवायला सांगा. दहा मिनिटं फक्त बघण्यात जाऊ द्या, ती वाया जात नाहीत.

तिसरी पायरी, ठेवण. पेन्सिल आणि खोडरबर बाजूला. पिवळ्या तेलखडूने कागदभर मोठा अंडाकृती आकार काढायचा. मुलं डोळे हमखास कपाळावर काढतात. त्यांना स्वतःच्या हाताने मोजू द्या. डोक्याचा माथा ते हनुवटी यांच्या बरोबर मधे डोळे येतात. डोळे आणि हनुवटी यांच्या साधारण मधे नाकाचं टोक, कान भुवईपासून नाकाच्या टोकापर्यंत. एवढं पुरे. पापण्या, नाकपुड्या काढत बसायचं नाही.

चौथी पायरी, तीन गट. ताटलीत रंगांचे तीन ढीग करायचे. उजळ गटात पिवळा, फिका केशरी, पांढरा मिसळलेला गुलाबी. मधल्या गटात लाल, हिरवा, गडद केशरी. गडद गटात निळा, जांभळा, निळा मिसळलेला तांबडा. आता मुलाला विचारा, "तुझ्या चित्रातला माणूस कसा आहे?" शांत असेल तर निळा-हिरवा जास्त येईल, तापट किंवा खेळकर असेल तर लाल-केशरी. पण असे नियम करून टाकू नका. एका मुलाने आपल्या आजोबांचा राग निळ्या रंगात दाखवला होता, कारण "ते ओरडत नाहीत, गप्प बसतात." त्याला आपण काय शिकवणार!

पाचवी पायरी, रंगवणं. आधी गडद तुकडे, मग मधले, शेवटी उजळ. ब्रश भरून घ्यायचा, फटकारा मारायचा आणि सोडून द्यायचा. त्यावर पुन्हा पुन्हा घासायचं नाही. फटकारा चेहऱ्याच्या वळणाने जाऊ द्या. गालावर गोलाकार, नाकावर वरून खाली, कपाळावर आडवा, केसांत लांब. मुलांना सांगते, "डोळे मिटून स्वतःच्या गालावरून बोट फिरवा. बोट जसं वळलं तसा ब्रश वळवा." मागची बाजू मोकळी ठेवायची नाही. चेहऱ्याच्या मुख्य रंगाच्या समोरचा रंग तिथे भरला की चेहरा पुढे येतो.

सहावी पायरी, थांबणं. हे सगळ्यात कठीण. शेवटी डोळ्यांत एक-एक पांढरा ठिपका आणि चित्र भिंतीला टेकवून पाच पावलं मागे जायचं. अशी चित्रं लांबून बघायची असतात. जवळून जे रंगांचे डाग वाटतात, ते लांबून गाल होतात. लांबून बघून काही हवंसं वाटलं तरच आणखी दोन-तीन फटकारे. जास्त नाहीत.

कुठे अडचण येते?

सगळा चेहरा मातकट होतो. याचं कारण ओल्या रंगावर दुसरा रंग घासणं आणि ब्रश न धुणं. पहिला थर वाळू द्या, रंग बदलताना ब्रश धुऊन चिंधीने टिपा. शक्य असेल तर गडद आणि उजळ रंगांना वेगळे ब्रश.

मूल शेवटी काळ्या स्केचपेनाने सगळ्याभोवती बाह्यरेषा मारतं. रेषा मारली की फटकाऱ्यांचा सगळा जोर जातो. सूझांसारखी जाड रेघ ज्याला हवी असेल त्याने ती ब्रशनेच, ठरवून मारायची. तेव्हा काळी बाटली कपाटातून बाहेर काढा.

काही मुलं रंग गुळगुळीत करत बसतात. त्यांना मोठा ब्रश द्या. हे केलं की निम्मा प्रश्न सुटतो.

काही मुलं कुठलाही रंग कुठेही फासतात आणि म्हणतात, "बाई, तुम्हीच म्हणालात हवा तो रंग घे." तिथे रागवू नका, कृष्णधवल फोटो दाखवा. स्वातंत्र्याला एक नियम आहे आणि तो नियम डोळ्यांनी दिसतो, हे त्यातून कळतं.

मूल्यमापन कसं करायचं?

"हुबेहूब आलंय का?" हा प्रश्न इथे विचारायचा नाही. त्याऐवजी मी चार गोष्टी बघते. उजेड कुठून येतोय ते कळतं का? फटकारे वळणाने गेलेत का? रंग निवडण्याचं काही कारण मूल सांगू शकतं का? आणि चित्रातल्या माणसाबद्दल बघणाऱ्याला काही वाटतं का? तिसरा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. "मी गाल हिरवा केला, कारण ताईला त्या दिवशी बरं नव्हतं," असं एखादं मूल सांगतं, तेव्हा त्याने चित्रकलेतली मोठी गोष्ट मिळवलेली असते.

काही शिक्षक विचारतात, "पुढे एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना सफाईदार रंगकाम लागतं, मग ही सवय लागली तर?" दोन्हींचं भांडण नाही. उजेड-सावली ओळखणं, रंग मिसळणं, ब्रशवर ताबा, हे दोन्हीकडे लागतंच. उलट ज्या मुलाला जोरात फटकारा मारता येतो, त्याला पुढे हळुवार रंगवणं शिकवणं सोपं जातं. ज्याचा हात पहिल्यापासून भीतीने आखडलेला आहे त्याचं काय करायचं, हा खरा प्रश्न आहे.

पालकांसाठी दोन शब्द

घरी हा उपक्रम आरशासमोर करता येतो. एका बाजूला खिडकी, समोर आरसा, खाली वर्तमानपत्रं. सुट्टीच्या दिवशी तुम्हीही शेजारी बसून तुमचं स्वचित्र करा. चित्रकला येत नसली तरी करा. मुलांना 'आई-बाबांनाही नीट येत नाही, तरी ते करतात' हे बघायला मिळणं फार मोलाचं असतं.

चित्र झाल्यावर "हे कोण आहे?" असं विचारू नका. "हे तुझ्यासारखं दिसत नाही" हेही नको. विचारा, "यातला कोणता फटकारा तुला सगळ्यात आवडला?" आणि "हा इथे निळा का घेतलास?" मग गप्प बसून ऐका. आणि कृपा करून, मुलीने स्वतःला गडद रंगात रंगवलं तर "एवढं काळं कशाला केलंस?" असं म्हणू नका. ते वाक्य चित्राबद्दलचं आहे असं तुम्हाला वाटतं, पण ऐकणारीला ते चित्राबद्दलचं वाटत नाही.

भिंतीवर लावताना चित्र मुलाच्या नजरेच्या उंचीवर लावा, आणि घरातल्या इतर तसबिरींइतक्याच मानाने. रंगाचे उंचवटे दिसावेत म्हणून खिडकीच्या बाजूला, तिरपा उजेड पडेल अशी जागा बघा. सकाळी आणि संध्याकाळी तेच चित्र वेगळं दिसतं, हे मुलाला दाखवा.

खडूची डबी उद्या पुन्हा उघडली जाईल, तेव्हा कुणीतरी 'स्किन कलर' मागेलच. त्याला एवढंच विचारा, "कुणाच्या स्किनचा?" आणि ताटलीत लाल, पिवळा, निळा घालून द्या.